इंदूरच्या हॉटेलात वायफाय जोडताना: आधी काय, नंतर काय

लग्नाचं वऱ्हाड इंदूरला हॉटेलात उतरलं की चहाच्याही आधी वायफायचा पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड मिळतो, पण लॉगिनचं पान उघडत नाही. मग कुणी व्हीपीएन (फोनची सगळी वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारं अ‍ॅप) बंद करतं, कुणी ब्राउझरचा इशारा डावलून पुढे जातं, कुणी वैतागून रिसेप्शनवरच्या भैयाच्या हातात उघडा फोन देतं. पान एकदाचं उघडतं आणि त्यासाठी बंद केलेल्या गोष्टी मुक्काम संपेपर्यंत बंदच राहतात. यातली प्रत्येक काळजी लोकांना सुटी सुटी ठाऊक असते. चुकतो तो क्रम. उज्जैन-ओंकारेश्वर करून परतताना एका रात्रीचा मुक्काम असो की विजय नगरात आठवडाभराचं ऑफिसचं काम, खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## धोका नेमका कुठे आहे

शेजारच्या खोलीत बसून कुणीतरी तुमचा बँकेचा पासवर्ड वाचतोय, हे चित्र आता बरंचसं जुनं झालं. बँक, मेल, यूपीआय यांचा मजकूर फोनमधून निघतानाच एचटीटीपीएसने कुलूपबंद होतो. हवेतून तो पकडला तरी आतलं वाचता येत नाही. पकडणाऱ्याला आणि हॉटेलच्या राउटरला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढं सहसा कळतं, तिथे काय टाइप केलंत ते कळत नाही. इन्कॉग्निटो खिडकीने यात काडीचाही फरक पडत नाही. ती फक्त तुमच्याच फोनवर इतिहास साठवत नाही.

खरी भोकं चार आहेत. एक, हॉटेलच्या नावाने चालवलेलं तोतया नेटवर्क. दोन, लॉगिनच्या पानावर मागितलेली नको ती माहिती. तीन, लॅपटॉपवर उघडं राहिलेलं शेअरिंग. चार, हॉटेल सोडताना टीव्हीवर आणि लॉबीतल्या संगणकावर चालू राहिलेली खाती. चौथ्याकडे कुणी बघतच नाही, म्हणून त्याबद्दल खाली जरा जास्त लिहिलं आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. वायफायला पासवर्ड आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, असं नाही. डब्ल्यूपीए२ या जुन्या सुरक्षा-प्रकारच्या नेटवर्कवर सगळ्या पाहुण्यांना एकच पासवर्ड दिलेला असतो. तो ठाऊक असलेला माणूस तुमचा फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण पकडू शकला, तर वायफायचा थर त्याला उलगडता येतो. मग उरतो फक्त एचटीटीपीएसचा थर. डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारात ही फट बुजवलेली आहे, पण हॉटेलातले राउटर बरेचदा जुनेच असतात. नवं हॉटेल आहे म्हणजे डब्ल्यूपीए३ असणारच, असं धरून चालू नका.

## टप्पा १: घरून निघण्याआधी

हे काम घरच्या वायफायवर करायचं. अर्धा तास पुरतो.

१. फोन, लॅपटॉप आणि ब्राउझर यांचे सगळे अपडेट घरीच उरकून घ्या. हॉटेलात 'अपडेट करा' असं काहीही समोर आलं तर ते टाळता आलं पाहिजे, म्हणून ही तयारी. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'डार्कहोटेल' नावाची जी मोहीम उघड केली, तिच्यात हेच होतं: महागड्या हॉटेलांच्या वायफायवर जोडलेल्या निवडक पाहुण्यांना नेहमीच्या सॉफ्टवेअरचा अपडेट म्हणून घातक फाइल दिली जायची.

२. साठवलेल्या नेटवर्कची यादी उघडा आणि बिनपासवर्डची सगळी नावं काढून टाका. रेल्वे स्थानकांवरचं रेलवायर, विमानतळ, कॅफे, मागच्या सहलीतली हॉटेलं, सगळी. फोन नेटवर्क ओळखतो ते नावावरून आणि सुरक्षेच्या प्रकारावरून. त्याच नावाचं उघडं नेटवर्क कुणीही सुरू केलं, तर फोन न विचारता त्याला जाऊन चिकटतो.

३. मुख्य मेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने होणारं लॉगिन) लावता येत असेल तर तीच लावा, कारण ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि नकली पानावर चालतच नाही. बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोनच्या गॅलरीत नको.

४. व्हीपीएन वापरणार असाल तर तो घरीच बसवून, चालवून पाहा. हॉटेलच्या वायफायवर बसून व्हीपीएन शोधायला निघालेला माणूस पहिलं फुकटचं अ‍ॅप उतरवतो. आपली सगळी वाहतूक हॉटेलऐवजी अशा अनोळखी कंपनीच्या हाती देण्यापेक्षा व्हीपीएन नसलेला बरा.

५. हॉटेलात ओळखपत्र द्यावंच लागतं. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून ठेवा. त्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात. वायफायशी याचा संबंध पुढे येईल.

तपासणी: साठवलेल्या नेटवर्कची यादी पुन्हा उघडा. बिनपासवर्डचं एकही नाव तिच्यात उरलेलं नसावं.

## टप्पा २: रिसेप्शनवर चार प्रश्न

सरवटे बसस्थानकाजवळ किंवा छोटी ग्वालटोलीत हॉटेलांची भिंतीला भिंत लागलेली आहे. खोलीत बसून वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात आणि त्यांतली चार-पाच एकाच हॉटेलची वाटतात: एकापुढे 'गेस्ट', एकापुढे '५जी', एकापुढे 'फ्री'. अंदाजाने जोडू नका. चेक-इन करतानाच विचारून कागदावर लिहून घ्या:

१. नेटवर्कचं अक्षरशः पूर्ण नाव काय? "भैया, स्पेलिंग बता दो," म्हणायला लाजू नका. प्रत्येक मजल्याचं नाव वेगळं असेल तर आपल्या मजल्याचं कोणतं, तेही विचारा.

२. पासवर्ड आहे की नुसतं लॉगिनचं पान?

३. पानावर काय भरायचं: खोली क्रमांक आणि आडनाव, मोबाइलवरचा ओटीपी, की कुपनचा कोड?

४. एका खोलीला किती उपकरणं?

टेबलावर किंवा लिफ्टमध्ये चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करणार असाल, तर आधी नखाने कडा तपासा. छापील पाटीवर वरून चिकटवलेला स्टिकर दिसला तर सोडून द्या. वायफायचा खरा क्यूआर स्कॅन केल्यावर फोन नेटवर्कचं नाव दाखवतो आणि जोडू का विचारतो. त्याऐवजी एखादी वेबसाइट उघडू लागला किंवा फाइल उतरवू लागला, तर तिथेच थांबा.

इशारा: लग्नघरच्यांसाठी खास. दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'खोली अमुक, आडनाव तमुक' अशी यादी टाकू नका. बऱ्याच हॉटेलांत वायफायचं लॉगिन नेमकं याच दोन गोष्टींवर चालतं, आणि काही ठिकाणी खोलीच्या नावावर जेवणाचं बिलही याच आधारावर चढतं.

## टप्पा ३: जोडण्याआधीची दोन मिनिटं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. लॉगिनचं पान उघडतं कसं ते समजलं की पुढचं सोपं जातं. तुम्ही जोडले गेल्यावर हॉटेलचं राउटर तुमची पहिली मागणी मध्येच अडवतं आणि तिच्या जागी स्वतःचं पान दाखवतं. व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं काम कुलूपबंद करणारी सोय) आणि ब्राउझरचं 'फक्त एचटीटीपीएस' ही सेटिंग असल्याच अडवाअडवीला विरोध करण्यासाठी असतात. त्यामुळे ती चालू असली की पान येत नाही. म्हणून ती थोडा वेळ बाजूला ठेवायची, पण काय काय बंद केलं ते लक्षात ठेवून.

अँड्रॉइड फोनवर:

१. वायफाय बंद असतानाच प्रायव्हेट डीएनएसच्या सेटिंगमध्ये जा. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर ते लिहून घ्या आणि 'ऑटोमॅटिक' निवडा. सॅमसंगमध्ये ही जागा 'कनेक्शन्स'मधल्या 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'खाली सापडते.

२. व्हीपीएनचं चाकाचं चिन्ह दाबा. 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' चालू असेल तर बंद करा. 'ऑल्वेज-ऑन'ही बंद करा.

३. खात्यांचं ऑटो-सिंक बंद करा. पान उघडण्यापासून व्हीपीएन लागेपर्यंत जी एक-दोन मिनिटं जातात, तेवढ्यात मेल, फोटो आणि दहा अ‍ॅप मागच्या मागे धावत सुटतात.

आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले वापरत असाल तर ते आणि व्हीपीएन थांबवा. एअरड्रॉप 'कॉन्टॅक्ट्स ओन्ली' किंवा बंद असू द्या.

विंडोज लॅपटॉपवर मेलचा प्रोग्रॅम, वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह असं जे आपोआप सिंक होतं ते बंद करा. ब्राउझर पूर्ण बंद करून एकच रिकामा टॅब उघडा. चाळीस टॅब उघडे असलेला ब्राउझर जोडणी मिळताच चाळीस ठिकाणी दार ठोठावतो.

तपासणी: काय बंद केलं त्याची यादी हातात आहे? नसेल तर पुढे जाऊ नका. टप्पा ५ याच यादीवर चालतो.

## टप्पा ४: जोडणी आणि लॉगिनचं पान

१. कागदावर लिहिलेलं नाव यादीत शोधा. एकच नाव दोनदा दिसत असेल, एक कुलपाचं आणि एक बिनकुलपाचं, तर बिनकुलपाच्या नावाला हात लावू नका. खाली जाऊन विचारा.

२. जोडताना 'ऑटो-कनेक्ट' किंवा 'ऑटो-जॉइन' बंद ठेवा. आयफोनवर हे नावापुढच्या 'आय'च्या चिन्हाखाली मिळतं. 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' चालू असू द्या. अँड्रॉइड १० पासून पुढे प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा यादृच्छिक पत्ता आपसूक वापरला जातो, तो तसाच राहू द्या.

३. विंडोज विचारेल तेव्हा 'पब्लिक नेटवर्क' निवडा. 'प्रायव्हेट' निवडलंत तर शेजारच्या खोल्यांतल्या संगणकांना तुमचा लॅपटॉप दिसू लागतो. आधीच जोडलं असेल तर वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये हे बदलता येतं.

४. पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये मुद्दाम साधी, कुलूप नसलेली साइट टाइप करा. 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' याच कामासाठी आहे, आयफोन किंवा मॅकवर 'कॅप्टिव्ह डॉट अ‍ॅपल डॉट कॉम' चालतं. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीने करा, एस लावू नका. गुगल किंवा जीमेल उघडून पान येण्याची वाट बघत बसू नका, कारण त्या साइटना मध्येच अडवलेलं मान्य नसतं आणि ब्राउझर लाल इशारा दाखवतो.

इथेच लोक घसरतात. 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' हा इशारा लॉगिनच्या आधी दिसणं साहजिक आहे, पण म्हणून 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. टॅब बंद करा, वरची साधी साइट उघडा, लॉगिन करा. लॉगिन झाल्यानंतरही तोच इशारा येत असेल तर आधी फोनची तारीख-वेळ तपासा. ती बरोबर असेल तर ते नेटवर्क सोडा. मध्ये कुणीतरी उभं आहे.

५. पानावर काय भरायचं याला मर्यादा आहे. मोबाइल क्रमांक, नाव, खोली, ओटीपी, इतकं ठीक. मेलचा पासवर्ड, गुगल किंवा फेसबुकने लॉगिन, कार्डाचा क्रमांक, पडताळणीसाठी १ रुपया, आधार क्रमांक, यांपैकी काही मागितलं तर पान बंद. अ‍ॅप, प्रमाणपत्र किंवा 'प्रोफाइल' बसवायला सांगितलं तरीही बंद. प्रमाणपत्र बसवणं म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलपाची दुसरी किल्ली आपणहून काढून देणं.

६. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, नुसते अंक उचलू नका. मेसेजमध्ये वायफायचा उल्लेख असला पाहिजे. बँकेचा, व्हॉट्सअ‍ॅपचा किंवा यूपीआयचा ओटीपी आला, तर ते पान वायफायसाठी नाहीच.

७. जाहिरातींच्या संमतीची टिकमार्क आधीच केलेली असते, ती काढा. मेल मागितला तर फारशी न वापरली जाणारी दुसरी आयडी द्या.

तोतया ओळखायची एक साधी युक्ती: पहिल्यांदा खोली क्रमांक मुद्दाम चुकीचा भरा. खऱ्या यंत्रणेने नाकारलं पाहिजे. तोतयाला तुमची खोली ठाऊक नसते, तो काहीही स्वीकारतो. अर्थात लहान हॉटेलांची खरी पानंसुद्धा कधी कधी काहीच तपासत नाहीत. तेव्हा नकार मिळाला तर चांगलं, स्वीकारलं तर रिसेप्शनवर विचारून खात्री करा.

इशारा: पुण्याच्या आत्याबाईंकडे ओटीपी येत नाही, अमेरिकेहून आलेल्या भाच्याकडे भारतीय सिम नाही, म्हणून एकाच तरुण पोराचा क्रमांक दहा फोनांना वापरला जातो. वऱ्हाडात हे हमखास होतं. पण त्या दहाही फोनांवरून जे होईल ते हॉटेलच्या नोंदीत त्या एका क्रमांकाच्या नावावर जातं. घरच्या माणसांपुरतं ठीक. लॉबीत भेटलेल्या अनोळखी माणसाला "जरा ओटीपी सांगता का" म्हटल्यावर मात्र सांगू नका. परदेशी पाहुण्यांसाठी रिसेप्शनकडे कुपनचा कोड मागा.

## टप्पा ५: लॉगिन होताच, लगेच

चहा नंतर. यादी काढा आणि या क्रमाने चालू करा:

१. व्हीपीएन जोडा. हिरवा दिवा किंवा 'कनेक्टेड' दिसेपर्यंत दुसरं काही उघडू नका.

२. 'ऑल्वेज-ऑन' आणि 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' पुन्हा चालू. रात्री वायफाय तुटून पुन्हा जोडलं गेलं तर मधल्या फटीत काही बाहेर जाऊ नये, यासाठी हे आहे.

३. व्हीपीएन नसेल तर प्रायव्हेट डीएनएस पूर्ववत. यानंतर 'जोडलं आहे पण इंटरनेट नाही' असं दिसलं तर हॉटेलने पोर्ट ८५३, म्हणजे प्रायव्हेट डीएनएसची वाट, अडवलेला असण्याची शक्यता आहे. तेव्हा 'ऑटोमॅटिक'वर समाधान माना.

४. सिंक, मेल, ड्राइव्ह चालू.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसचाच व्हीपीएन वापरा, त्यावर दुसरा चढवू नका. विकतच्या व्हीपीएनबद्दल एवढं जाणून असा की, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायची आहे. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले आपले सर्व्हर काढले. व्हीपीएन तुम्हाला हॉटेलच्या नजरेआड नेतो, जगाच्या नाही.

तपासणी: व्हीपीएन लागल्यावर ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) शोधा. दाखवलेलं शहर किंवा कंपनी व्हीपीएनची हवी, हॉटेलच्या जोडणीची नाही. दुसरी चाचणी ज्यांना जमेल त्यांनी करावी: घरातला दुसरा फोन त्याच वायफायला जोडा, त्याचा आयपी पत्ता पाहा आणि लॅपटॉपवरून व्हीपीएन क्षणभर थांबवून पिंग करा. उत्तर आलं तर या हॉटेलने पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी केलेली नाहीत, आणि टप्पा ४ मधलं 'पब्लिक नेटवर्क' तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचं आहे. उत्तर आलं नाही म्हणून वेगळी केलीच आहेत, असा अर्थ मात्र काढू नका.

## टप्पा ६: मुक्कामातला वापर

पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावरच. एचटीटीपीएस आहे, तरीही. यूपीआयच्या एका व्यवहाराला डेटा लागतो तो नगण्य, मग धोका का पत्करायचा? पण वायफाय जोडलेलं असताना फोन सहसा डेटा वापरत नाही, म्हणून आधी वायफाय बंद करावं लागतं. आयफोनवर एक खोच आहे. कंट्रोल सेंटरमधलं बटण वायफाय बंद करत नाही, चालू जोडणी फक्त तोडतं. पहाटे ५ वाजता, किंवा तुम्ही दुसऱ्या जागी गेलात की, फोन पुन्हा जोडायला मोकळा. रात्री सराफ्यात खायला निघताना खरंच बंद करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा.

लॅपटॉपचं काम थोडं असेल तर फोनचा हॉटस्पॉट. स्पष्ट सांगायचं तर दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात बहुतेकांना हॉटेलच्या वायफायची गरजच नसते. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण १ जीबी धरा, मेल आणि कागदपत्रांना त्याहून बरंच कमी. हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचं नाव ठेवू नका. आयफोन स्वतःचंच नाव दाखवतो, ते 'जनरल'मधल्या 'अबाउट'मध्ये बदलता येतं. पासवर्ड १२ अक्षरांचा ठेवा. फोन जवळच असेल तर केबल लावून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोन आणि लॅपटॉपच्या मध्ये हवेत काही जातच नाही आणि फोन चार्जही होतो.

खोलीतला टीव्ही. मुलं कंटाळली की यूट्यूब किंवा नेटफ्लिक्सचं खातं टीव्हीवर उघडलं जातं. पुढच्या पाहुण्याला मग तुमचा पाहण्याचा इतिहास दिसतो, आणि गुगल खात्याने लॉगिन केलं असेल तर ते खातं त्या टीव्हीवर तसंच राहतं. पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने टाइप करूच नका. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय केबल. कास्ट करत असाल तर टीव्हीचं नाव आधी नीट वाचा, नाहीतर तुमचा हळदीचा व्हिडिओ शेजारच्या खोलीत लागायचा.

लॉबीतला संगणक आणि छपाई. त्या संगणकावर कशातही लॉगिन करू नका, व्हॉट्सअ‍ॅप वेबसुद्धा नाही. तिकीट छापायचं असेल तर फोनवरून फक्त तेवढी पीडीएफ हॉटेलच्या मेलवर पाठवा आणि छापून झाल्यावर समोरच डिलीट करायला सांगा. ओळखपत्र पाठवायचं असेल तर टप्पा १ मधलं मास्क्ड आधारच. स्वतःचा पेनड्राइव्ह तिथे लावला तर तो परत आपल्या लॅपटॉपला लावण्याआधी स्कॅन करा, खरं तर लावूच नका.

चार्जिंग स्वतःच्या चार्जरने, भिंतीच्या सॉकेटमधून. पलंगाजवळच्या यूएसबीच्या छिद्रात केबल घातलीच आणि फोनने 'या उपकरणावर विश्वास ठेवायचा का' विचारलं, तर उत्तर नाही.

उपकरणांची मर्यादा आणि प्रवासी राउटर. खोलीला २ उपकरणं आणि माणसं चार, अशा वेळी मुठीएवढा प्रवासी राउटर कामाला येतो. तो हॉटेलच्या वायफायला एक उपकरण म्हणून जुळतो आणि आत तुमचं स्वतःचं नेटवर्क चालवतो. लॉगिनचं पान एकदाच भरावं लागतं. दोन ठिकाणी गाडी अडते. हॉटेल आणि राउटर दोघांचे आतले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर काहीच चालत नाही, तेव्हा राउटरच्या आतल्या पत्त्यांचा गट बदला. आणि राउटरमधलं 'डीएनएस रिबाइंडिंग'पासूनचं संरक्षण लॉगिन होईपर्यंत बंद ठेवावं लागतं, नाहीतर पान येत नाही. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड घरीच बदललेला असावा.

## टप्पा ७: खोली सोडताना

सामान बांधण्याच्या आधी करा. बाहेर रिक्षा उभी असताना यातलं काही आठवत नाही.

१. टीव्हीवरच्या प्रत्येक अ‍ॅपमधून लॉगआउट. मग फोनवरून खात्री: नेटफ्लिक्समध्ये 'मॅनेज अ‍ॅक्सेस अँड डिव्हाइसेस', गुगल खात्यात 'सिक्युरिटी'खाली 'युअर डिव्हाइसेस'. टीव्ही यादीत दिसत असेल तर तिथूनच बाहेर काढा.

२. व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. न ओळखीचं काहीही दिसलं तर लॉगआउट.

३. वायफायचं नाव निवडून 'फरगेट'. प्रत्येक फोनवर, मुलांच्या टॅबवरसुद्धा. हे मुक्कामाच्या मध्ये मात्र करू नका, हॉटेलची यंत्रणा तुम्हाला नवं उपकरण समजू शकते आणि मर्यादा विनाकारण भरते.

४. प्रायव्हेट डीएनएस, ब्राउझरचं 'फक्त एचटीटीपीएस', प्रायव्हेट रिले हे सगळं मूळ जागी आलं का, यादीवर बोट ठेवून पाहा.

## काही बिघडलंच तर

पैसे गेले असतील तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. बँकेलाही त्याच मिनिटाला, दुसऱ्या फोनवरून. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येते का, हे या वेळेवरच ठरतं. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार नोंदवा.

पैसे गेले नाहीत, पण नकली पानावर पासवर्ड दिल्याची शंका असेल तर वेगळा क्रम: आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच पुन्हा बसवता येतात. मग 'सगळ्या उपकरणांतून लॉगआउट'. मग मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा, तिथे कुणी स्वतःचा पत्ता घुसवून ठेवलेला असतो आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल त्याला जात राहते. त्यानंतर बँक, सोशल मीडिया वगैरे. हे सगळं त्या फोनवरून नको. त्याच्यावर काही बसवलं गेलं असेल तर नवा पासवर्डही तिकडेच जाईल.

प्रमाणपत्र किंवा प्रोफाइल बसवलं असेल तर ते काढा. आयफोनवर 'जनरल'मध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट', अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंगमधल्या 'क्रेडेन्शियल्स'खाली 'युजर' यादी. अनोळखी अ‍ॅप बसवलं असेल तर फॅक्टरी रीसेटला पर्याय नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं दायित्व शून्य असतं. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लगेच लिहून ठेवा, आणि हॉटेलचं बिल जपा. त्या तारखांना तुम्ही कुठे होतात, हे त्यावरूनच दाखवता येतं.